आमची वाटचाल : घाणा, जवस आणि काळपट बाटल्या

लातूरला लाकडी घाणा टाकला तेव्हा आमचं सगळं लक्ष करडई कुठून आणायची, पेंड कोण घेईल यातच होतं, तेल काढल्यावर ठेवायचं कसं हे डोक्यातच आलं नाही. पांढऱ्या काचेच्या बाटल्या भरायच्या आणि दुकानात दर्शनी मांडायच्या, सकाळचं ऊन पडलं की करडईचं तेल असं चमकायचं की रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत यायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक काकू जवसाची बाटली परत घेऊन आल्या, म्हणाल्या, "बाळा, याला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय रे." खरंच येत होता. त्या रात्री मी फळीवरची एकेक बाटली उघडून हुंगली, जवस सगळं गेलेलं, करडईची पुढची रांग खवट आणि मागची सावलीतली बरी, तीळ मात्र ठणठणीत. खूप वाईट वाटलं, कारण माल चांगला होता, आम्हीच तो उन्हात ठेवून घालवला.

मग शिकत गेलो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 हा स्निग्ध घटक असतो, त्याला हवा, उजेड, उष्णता काहीच सोसत नाही, करडईतही त्याच्याच जातीचं ओमेगा-6 भरपूर म्हणून ती पण नाजूक. तिळात सेसमॉलसारखी द्रव्यं मुळातच असतात ती तेलाला सांभाळतात. तापमान 10 अंशांनी चढलं की खवट व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आमच्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर.

एका दिवाळीत गर्दीमुळं तेल निवळू न देताच भरलं, गाद म्हणजे तेलातला गाळ खाली बसला, त्या गाळात ओलावा असतो, डब्यांना आंबूस वास आला, सगळे परत घेतले. टाकीची पितळी तोटीही काढली, पितळेत तांबं असतं आणि तांब्यामुळं तेल लवकर बिघडतं हे आम्हाला उशिरा कळलं.

आता तेल स्टीलच्या टाकीत चार-पाच दिवस निवळतं, मग तपकिरी बाटल्या गळ्यापर्यंत भरून मागच्या थंड खोलीत ठेवतो, आत हवा कमी राहिली पाहिजे. जवस ऑर्डर आली तरच काढतो, 250 मिलीच्या बाटलीत, तेही घरी नेऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं. घाण्यावरून काढल्याची तारीख प्रत्येक बाटलीवर असते.

एक विनंती मात्र प्रत्येकाला करतो, तेलाची किटली गॅसजवळ ठेवू नका आणि तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर नवं ओतू नका, जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो. किटली धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच भरा.