कासला गेले आणि चार भिंतीला अडकले

कासचं काही लिहीत नाही. फुलांपेक्षा छत्र्या जास्त होत्या आणि नवे बूट चिखलात गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तसं मामांनी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतीला, 1857 च्या हुतात्म्यांच्या स्मारकाला, नेलं. गुडघे त्यांचे दुखतात, धाप मला लागली. वर भिंतीवर कुणी तरी बदामात नावं कोरलेली. मामांनी नखानं खरवडून पाहिली, निघेनात. मग कट्ट्यावर टेकले आणि सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांच्यावर सुरू झाले.

ईस्ट इंडिया कंपनीनं 1818 मध्ये सातारचा किल्ला घेतला, प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि 1839 मध्ये उतरवून काशीला धाडलं, इतकं शाळेत झालेलं. रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले, हेही माहीत होतं.

"पण मागितली कुणाकडे?" मामा म्हणाले. "कंपनीच्या भागधारकांकडे! हजार पौंडांचे शेअर असले की एक मत. छत्रपतींच्या गादीचा वाद असल्या सभेत."

"म्हणजे एजीएम? वार्षिक सभा?"

"तेच ते. आणि दुकान तर तोवर बंद झालेलं. 1833 च्या कायद्यानं व्यापार गेला, राज्य तेवढं राहिलं. 1600 मध्ये मसाल्यासाठी निघालेली माणसं. 1765 ला बंगालची दिवाणी मिळाली, आयता शेतसारा हातात आला, मग तराजू कोण धरतंय? भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के, तेही आपल्याकडच्या महसुलातून."

रंगो बापूजी तिथं तेरा-चौदा वर्षं खेटे घालत राहिले. मधेच 1847 मध्ये महाराज काशीला वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे गेले. त्यांचं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानलं नाही आणि सातारा खालसा. 1857 च्या उठावात इंग्रजांनी इथल्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम. स्वतः ते मात्र इंग्रजांच्या हाती लागलेच नाहीत.

मी खाली शहराकडे बघत राहिले. पाण्याची बाटली संपली होती.

"तुझ्याकडे आहेत का गं तुझ्या कंपनीचे शेअर?"

"आहेत थोडे."

"मग सभेला मत देतेस?"

त्याचे मेल येतात दर वर्षी. न उघडताच उडवते. हे मामांना सांगितलं नाही. म्हटलं, चला, कंदी पेढे संपतील.