आयर्विनला ३९

२६ जुलै, रात्र

सकाळी सव्वासातला मैत्रिणीचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "३९."

सांगलीच्या बाहेरच्या माणसाला यातून काही कळणार नाही. ३९ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३९ फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या गावभागात पावसाळ्यात लोक एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, पाणी किती ते विचारतात.

शाळेत असताना आम्ही दोघी रोज पाणी बघायला पुलावर जायचो. पूल १९२९ सालचा, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. हे तिला तोंडपाठ आणि मला दर वेळी नव्याने ऐकावं लागायचं. फ्रॉकच्या खिशात भडंग. खांबावरचे आकडे ती वाचायची, कारण मला लांबचं दिसत नव्हतं आणि ते घरी सांगायची मला भीती. फळ्यावरचंही तीच वाचून दाखवायची. चौथीत शेवटी तिनेच आईला सांगितलं, "काकू, हिला चष्मा लावा, माझा घसा दुखतो."

लग्नानंतर मी पुण्यात आले, आई सांगलीतच राहिली. तेव्हापासून हा आकड्यांचा फोन.

मध्ये दीड-दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण लिहीत नाही, लिहिलं तर मीच वेडी ठरेन. नेमका त्यातच २००५ चा पूर आला. एके रात्री फोन वाजला. "५१. काकू वरच्या मजल्यावर आहेत, जेवल्यात." आणि ठेवला. अबोला त्यानंतरही चार महिने चालला, ते वेगळं. हट्टीपणात आम्ही दोघी सारख्याच.

पण २०१९ चं तिचं डोकं मला आजही सुचलं नसतं. ऑगस्टचा पहिला आठवडा, कोयनेतून विसर्ग वाढलेला, आणि आई ऐकायला तयार नाही. "२००५ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. त्याच्या वर येत नाही." गल्लीतले निम्मे लोक हेच म्हणत होते. मी पुण्यातून फोनवर ओरडत होते, रडत होते. नागपंचमीच्या दिवशी ही सांगलीतल्याच विश्रामबागेतून, स्वतःच्या घरून, रिक्षा घेऊन आली. पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाली, "काकू, उद्या पुतणीची मंगळागौर आहे. गाणी सांगायला कोणी जुनं माणूस नाही. दोन साड्या घ्या आणि चला."

आई उठली. वर ठेवणीतली साडीही घेतली.

पाणी पुढे ५७ फुटांवर गेलं. आमच्या देवघराच्या कोनाड्यात गाळ बसला. हायवे बंद, मी पुण्यात अडकलेली. आई मात्र विश्रामबागेत बारा दिवस मजेत होती आणि रोज विचारत होती, "मंगळागौर कधी गं?" ही रोज नवीन कारण सांगायची. पुतणीचं तर तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं. मी पोचले तेव्हा तिच्या गळ्यात पडून रडायला लागले, तर म्हणते, "कशाला रडालीस? आधी आईला सांग, मंगळागौर रद्द झाली. मला आता थापा सुचंनात."

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर घरही विकलं. गावभागात आता आमचं काही नाही. आज तिला म्हटलं, "अगं, आता मला आकडा कळून काय करायचं आहे?"

थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला खांबावरचं दिसत नाही ना, म्हणून सांगते." आणि ठेवला. या बाईला फोन नीट ठेवता येत नाही, पन्नाशी उलटली तरी.

दिवसभर पाऊस. आत्ता अकराला न राहवून तिला मेसेज टाकला, "किती?"

लगेच उत्तर आलं. "३९ फूट ४ इंच. झोप."