पिल्लू आईपासून कधी तोडायचं?

कोरफडीच्या कुंडीत पिल्लं, म्हणजे मूळ झाडाला (आईला) फुटलेली छोटी रोपं, दिसली की हात शिवशिवतात. पण बोटाएवढ्या पिल्लाला बहुतेक वेळा स्वतःची मुळं नसतात, ते आईच्या जिवावर उभं असतं. मूळ झाडाच्या साधारण एक तृतीयांश उंचीचं, चार-पाच पानांचं झालं की काढायला हरकत नाही. तरी आधी वरची माती बोटाने बाजूला करून बुडाशी मुळं आहेत का ते बघाच.

ओढून काढू नका. ओढलं की पिल्लू बुडाशी मोडतं आणि मुळं कुंडीतच राहतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवस पाणी तोडा, अख्खं झाड बाहेर काढा, माती झाडा आणि जोड स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कापा. मग २-३ दिवस सावलीत तसंच पडू द्या. कापल्या जागेवर कोरडी खपली धरायला हवी. ओल्या जखमेतून कूज शिरते. बूड मऊ, तपकिरी होतं आणि पिल्लू अलगद हातात येतं.

कुंडी ८-१० सेंमीचीच घ्या. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. अर्धी माती, अर्धी जाड वाळू किंवा परलाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे). पहिलं पाणी आठवड्याने. तोवर पानं जरा आक्रसतील, लालसर होतील. होऊ द्या! बहुतेक पिल्लं तहानेने नाही, याच घाबरून घातलेल्या पाण्याने मरतात.

स्नेक प्लांटचंही असंच, फक्त जमिनीखालचा जोड जाडजूड असतो. पिवळ्या कडेची जात असेल तर पिल्लूच लावा. पानाचा तुकडा रुजतो, पण त्यातून येणारं रोप साधं हिरवं निघतं.

स्पायडर प्लांट सगळ्यात सोपं. लोंबणारं पिल्लू कापूच नका. शेजारी छोटी कुंडी ठेवून त्याला ओल्या मातीवर टेकवा, वाकवलेल्या तारेने किंवा केसांच्या आकड्याने दाबून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा. माती धरली असेल तर दांडी कापा. पाण्यातही मुळं फुटतात, पण २-३ सेंमीची झाली की मातीत हलवा. पाण्यातली लांब मुळं ठिसूळ असतात, लावताना तुटतात.

ब्रोमेलियाडचं (अननसाच्या कुळातल्या शोभेच्या झाडाचं) मूळ झाड फुलून गेलं की हळूहळू वाळतंच. ते वाचवायच्या नादी लागू नका, पण हिरवं आहे तोवर उपटूही नका. पिल्लं अजून त्याच्यावरच पोसत असतात.