एका बटणावर ‘ऱ्य’ : चित्रांची बटणं आणि मराठी डीटीपी

मॉस्कोच्या आर्ट लेबेदेव स्टुडिओने २००५ मध्ये ऑप्टिमस कीबोर्डचं चित्र दाखवलं. भाषा बदलली की बटणावरचं अक्षरही बदलणार, ही कल्पना देवनागरीत टाइप करणाऱ्यांना तर हवीहवीशीच होती. २००८ मध्ये प्रत्यक्ष कीबोर्ड आला तेव्हा त्यात ११३ बटणं होती, प्रत्येकात ४८ बाय ४८ पिक्सेलचा ओएलईडी पडदा होता आणि किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. दाबायला बटणं जड होती.

कोल्हापुरात डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे संगणकावर लग्नपत्रिका, विकास सोसायट्यांचे अहवाल जुळवणाऱ्याला ११३ चित्रांची गरजच नाही. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी बोटात बसलेला माणूस बटणांकडे बघत नाही. अडतं ते मोजक्या ठिकाणी: ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य, ‘ॲड.’मधला ॲ, ‘॥’, आणि दिवसातून अनेकदा येणारे ठरलेले तुकडे. ‘दऱ्याचे वडगाव’ हे करवीर तालुक्यातलं गाव ‘दर्याचे’ असं छापलं की ते त्या गावच्या लोकांना खटकणारच.

म्हणून घ्यायचंच असेल तर कीबोर्डशेजारी ठेवायचं, चित्रांच्या पंधरा बटणांचं स्ट्रीम डेक हे छोटं उपकरण घ्यावं. ते २०१७ मध्ये बाजारात आलं. यात प्रत्येक बटणाला वेगळा पडदा नसतो. पारदर्शक बटणांमागे एकच एलसीडी असतो आणि एका बटणाच्या वाट्याला ७२ बाय ७२ पिक्सेल येतात. चित्र १४४ बाय १४४ पिक्सेलचं करा, पार्श्वभूमी काळी ठेवा, ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट सर्वांत जाड वजनात वापरा. एका बटणावर दोन-तीन अक्षरांपेक्षा जास्त घालू नका. वरचा रफार आणि खालचा उकार कडेला कापले जातात, म्हणून चारही बाजूंनी मोकळी जागा सोडा.

बटणावरचं चित्र आणि बटण दाबल्यावर उमटणारा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र बरोबर दिसलं म्हणून अक्षर बरोबर पडेल असं नाही. स्ट्रीम डेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टेक्स्ट’ ही क्रिया बटणावर ओढा आणि मजकुराच्या चौकटीत ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य या क्रमानेच टाइप करा. साधा र घेतला तर रफार होऊन ‘र्य’ पडतो. शेवटी एंटर दाबण्याची खूण काढून ठेवा, नाहीतर ओळ मध्येच तुटते. दुसऱ्या बटणावर ‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥’, तिसऱ्यावर ‘चि. सौ. कां.’, चौथ्यावर ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’. प्रत्येक बटण आधी नोटपॅडमध्ये तपासा.

सगळ्यात जास्त घोळ जुन्या फॉन्टमुळे होतो. पेजमेकरच्या काळातल्या फाइलींमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. तिथे युनिकोडचा, म्हणजे आजच्या प्रमाण अक्षर-संकेतातला ‘ऱ्य’ पाठवला तर चौकोन किंवा भलतंच चिन्ह दिसतं. दोष बटणाचा नाही. जुन्या फॉन्टसाठी वेगळं प्रोफाइल (बटणांचा संच) करा, ते त्या सॉफ्टवेअरशी जोडा, म्हणजे खिडकी बदलली की बटणंही आपोआप बदलतात. मात्र एकाच कोरलड्रॉमध्ये दोन्ही प्रकारची कामं चालत असतील तर ही सोय उपयोगाची नाही. तिथे प्रोफाइल बदलणारं एक बटण स्वतंत्र ठेवावं लागतं.

संगणकावर स्ट्रीम डेकचं सॉफ्टवेअर चालू नसेल तर ही बटणं काहीच टाइप करत नाहीत, कारण सगळं काम संगणकच करतो. सॉफ्टवेअर विंडोजसोबत सुरू होईल असं लावून ठेवा. चार उपकरणं लावलेल्या स्वस्त यूएसबी हबऐवजी संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये वायर घाला. वीज कमी पडली की पडदा मध्येच विझतो.

पैसे वाचवायचे असतील तर व्हीआयए (VIA, बटणांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर) चालणारा साधा मेकॅनिकल कीबोर्डही पुरतो. मॅक्रोत, म्हणजे एका बटणाला नेमून दिलेल्या कळांच्या क्रमात, इंग्रजी मोठा जे, छोटा डी आणि तिरकी रेघ एवढंच भरा. इनस्क्रिप्ट चालू असताना त्याचा ‘ऱ्य’ होतो, आणि मॅक्रो कीबोर्डमध्येच साठत असल्याने दुसऱ्या संगणकावर लावला तरी चालतो. भाषा इंग्रजीवर असेल तर मात्र तीच तीन चिन्हं जशीच्या तशी पडतात, म्हणून प्रूफ काढताना शोधा-बदला वापरून ती एकदा शोधून घ्या. बटणावर चित्राऐवजी स्टिकर लावा आणि त्यावर पारदर्शक टेप चिकटवा; नुसत्या स्टिकरची शाई बोटांच्या घामाने पुसली जाते.