डॅशबोर्डवरचे तीन दिवे आणि सडलेली अर्थिंगची केबल: माझा अनुभव

गाडी २००९ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल. जुलैत पावसाची झड लागली तसा सकाळी सेल्फ जड फिरायला लागला. त्याच आठवड्यात चेक इंजिनचा दिवा आला, मग एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा), आणि हीटर प्लगचा (गार डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आत तापणारे प्लग) स्प्रिंगसारखा पिवळा दिवा गाडी चालू असताना लुकलुकू लागला. एका गॅरेजमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायचा सल्ला मिळाला. पण तीन वेगळ्या यंत्रणा एकाच आठवड्यात सहसा मरत नाहीत. दिवे असे घोळक्याने आले की आधी सप्लाय आणि अर्थिंग (इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायची वाट) बघायचं.

सुरुवात चावीपासून. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस हे सगळे दिवे लागलेच पाहिजेत. जुन्या गाडीत एखादा लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणी काढून ठेवलाय. बॅटरीच्या दिव्याचा बल्ब तर अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) सुरुवातीचा करंट देतो, त्यामुळे तो उडाला की चार्जिंगही बंद पडू शकतं. (चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र पुढचं काहीच वाचू नका, आधी इंजिन बंद करा.)

मग स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. इंजिनमध्ये पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी आणि पी०३८० म्हणजे हीटर प्लगचं सर्किट. एबीएसमध्ये यू०१००, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला. स्वस्तातले ब्लूटूथ रीडर बहुधा फक्त इंजिन वाचतात, एबीएससाठी दुसरा स्कॅनर लागतो. कोड लिहून घेतले, पुसले नाहीत. पुसलं की कोड कधी आणि कोणत्या परिस्थितीत आला याची नोंदही जाते.

यू०१०० होता म्हणून बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजले. कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती दोन वायरींची लाइन) दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. ६०च आले, म्हणजे त्या दोन वायरी शाबूत. संशय सप्लायवर पक्का झाला.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट होती, सेल्फ मारताना १०.४, इंजिन चालू झाल्यावर १४.२. तिन्ही आकडे ठीक. सेल्फच्या वेळी ९.६च्या खाली गेले असते तर बॅटरीच धरली असती. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची केबल काढायची पद्धत अजूनही दिसते. ती कृपा करून कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरच्या डायोडपासून ईसीयूपर्यंत काहीही जाऊ शकतं.

बॅटरी चांगली आणि सेल्फ जड, म्हणजे वाटेत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. इथे मीटर ओहमवर लावून उपयोग नाही. बिघाड होता जेमतेम ०.०१ ओहमचा, मीटरच्या स्वतःच्या दोन वायरीच त्याहून जास्त दाखवतात. पण सेल्फ १८० अॅम्पिअर ओढतो तेव्हा त्याच ०.०१ ओहमवर १.८ व्होल्ट उडतात. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना, आणि व्होल्टमध्ये.

मीटर डीसी व्होल्टवर, मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) ठेवला, कारण इंजिन लगेच सुरू होतं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नाही), लाल पिन इंजिन उचलायच्या हुकाच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्याने सेल्फ मारला आणि मीटरवर १.८ आले. ०.३पर्यंत चालले असते. या गाडीत ईसीयूचं अर्थिंगही इंजिनवरच आहे. त्यामुळे बॅटरीवर १०.४ असताना ईसीयूला मिळत होते जेमतेम ८.६. तो मध्येच गप्प होई आणि एबीएस ‘संपर्क तुटला’ म्हणून दिवा लावी.

मग तुकडे पाडून तेच मोजलं. खुंटी ते क्लॅम्प ०.०५, क्लॅम्प ते गिअरबॉक्सकडची थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टची कडी) १.६, थिंबल ते गिअरबॉक्स ०.१५. दोष केबलच्या आत. नवीन केबल आणण्याआधी खात्री म्हणून जंप स्टार्टची केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या लोखंडाला लावली आणि सेल्फ एकदम हलका फिरला.

जुनी केबल काढून थिंबलजवळचं रबर ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी, बोटाने चोळली की गळणारी. धड तारा मूठभरसुद्धा नव्हत्या. बाहेरून रबर अगदी चकचकीत! पाणी थिंबलच्या तोंडातून शिरतं आणि तारांच्या फटींतून आत ओढलं जातं. नवी केबल ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली, थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबून, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवून. गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि त्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली लावली. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी.

कोड पुसले. पी०५६२ आणि यू०१०० परत आले नाहीत, पी०३८० दुसऱ्या दिवशी सकाळी आला. हा खरा दोष होता. हीटर प्लगांवरची जोडपट्टी काढली आणि २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एकेका प्लगच्या टोकाला टेकवला. तीनवर लख्ख पेटला, चौथ्यावर काहीच नाही. ओहमवरही तीन प्लग एकाच्या आत, चौथा तुटलेला. आपल्याकडच्या हवेत अशी गाडी बहुतेक सुरू होते, म्हणून हा दिवा वर्षानुवर्षं तसाच राहतो. गार इंजिनवर प्लग जोर लावून फिरवू नका, हेडमध्येच तुटतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, सकाळी इंजिन गरम करून, मग बंद करून हळूहळू मागेपुढे फिरवत काढला. चारही बदलले, कारण बाकीचे तीन त्याच वयाचे.

पुन्हा मोजलं तेव्हा सेल्फच्या वेळी इंजिन ते बॅटरी ०.२ व्होल्ट आले. आठवडाभर पावसात गाडी चालवून परत मोजलं, आकडा तोच.