ऑपरेशन झालं, मग अजून दुखतं कसं?

कोल्हापूरहून फोन आला की आईचा, मामांचा, तालमीतल्या मित्रांचा पहिला प्रश्न हाच. गोव्यात नोकरीला येऊन मला चार वर्षं झाली, ऑपरेशनला दोन. तर एकदा नीट सांगतो.

कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली होती. डॉक्टरांनी तो तुकडा काढला, दाब गेला. पण कित्येक महिने चेपलेली नस दाब गेला म्हणून लगेच शांत होत नाही. काहींची होते, काहींची चिडलेलीच राहते. माझी राहिली. ती पुढे सायटिक नसेला मिळते, आणि ही शरीरातली सगळ्यांत जाड नस. ती कुल्ल्यामागून खाली उतरते आणि तिच्या फांद्या पावलापर्यंत जातात. म्हणून बिघाड कमरेत आणि मुंग्या अंगठ्यात.

पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालणारा मी, सुरुवातीला घाबरून पडून राहिलो. ते सगळ्यांत वाईट दिवस. पाय बारीक झाला, कळ तेवढीच. फिजिओथेरपिस्टबाईंनी एक खूण शिकवली: चालताना कळ पोटरीतून वर कुल्ल्याकडे सरकली तर चांगलं, खाली पावलाकडे उतरली तर थांबायचं. आणि आजची कळ उद्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आली, तर आजचं चालणं झेपलं. प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे, हे पटायला मला वर्ष लागलं.

आता सुकती, म्हणजे ओहोटी, बघून मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला जातो. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट आणि बरीचशी सपाट असते. वरची भुसभुशीत वाळू उतरती, तिथं एका बाजूवर भार येतो आणि संध्याकाळी कळ हजर. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, तेव्हा पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चालतो. पाणी वजन उचलून धरतं, त्या अर्ध्या तासात पाय पुन्हा माझा वाटतो. स्कूटर मात्र सोडली. खड्ड्यातला एक दणका दोन दिवस पुरतो. मांडवी नदीपलीकडे बेतीला जायचं तर फेरीबोटीत उभा राहून जातो. शेजारच्या काकी मला जिना उतरताना बघून रोज म्हणतात, "सवकास रे पुता." त्या एवढंच म्हणतात, झोपून राहा म्हणत नाहीत. त्याचं मला फार बरं वाटतं.

तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

गणपतीला येतोय. आंबोली घाटाच्या आधी आणि नंतर गाडी थांबवून चालेन, म्हणून उशीर होईल. पंगतीत मांडी घालून बसता येणार नाही, तेवढी ती जुनी लाकडी खुर्ची माळ्यावरून काढून ठेवा. आणि आई, विसर्जनाला मी चालत येणार आहे.