आमची वाटचाल : टेप दुरुस्तीच्या दुकानापासून अल्बमच्या परीक्षेपर्यंत

सांगलीच्या बाजारपेठेत वडिलांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. हेड साफ करणं, बेल्ट बदलणं आणि जोडीला कॅसेटची विक्री. कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि त्याही गेल्या. मग दुकान गिटारच्या तारा, केबल आणि किरकोळ दुरुस्तीवर तगलं. 2005 ला कृष्णेचं पाणी आत आलं, 2019 ला पुन्हा आलं. त्यानंतर आम्ही विश्रामबागला वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि तिथेच एक छोटी रेकॉर्डिंगची खोली बांधली. माइक आणि मशीन धाकटा भाऊ बघतो, ऐकण्याचं काम माझ्याकडे.

ऐकणं हे आमचं वेगळं काम झालं ते तारा न्यायला येणाऱ्या पोरांमुळे. "काका, ऐका की जरा, कसं झालंय सांगा," म्हणून ती स्वतःची रेकॉर्डिंग घेऊन यायची. कंपनीचा पैसा नाही, घरच्या पैशांनी केलेला रॉक अल्बम. असं काम करणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने 1977 मध्ये उसने पैसे घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, पहिल्या खेपेला 1000 प्रती. आमच्याकडे येणारी मुलं त्याच वाटेवरची आहेत. त्यांना नुसतं "छान झालंय" म्हणून परत पाठवणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे, असं मी मानतो. म्हणून आम्ही लेखी अभिप्राय देऊ लागलो.

पद्धत साधी आहे. पहिल्यांदा अख्खा अल्बम एका बैठकीत, चांगल्या स्पीकरवर. दुसऱ्यांदा आवाज कमी करून फक्त ड्रम आणि बास. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर, कारण श्रोते बहुतेक तिथेच ऐकणार. मग लिहायचं : दुसऱ्यांच्या संगीतातून काय घेतलंय, कुठून घेतलंय आणि घेतल्यावर त्याचं काय केलंय.

बँड स्वतः सांगतो तो प्रभाव बऱ्याचदा अर्धा असतो. एक बँड म्हणाला, आमच्यावर निर्वाणा या अमेरिकन बँडचा प्रभाव आहे. कडवं हलकं, धृपद एकदम गरजणारं, हे खरंच होतं. पण ती बांधणी निर्वाणाच्या आधी पिक्सीज या बँडची. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननेच 1994 च्या मुलाखतीत ते मोकळेपणाने मान्य केलं होतं. मी मुलांना पिक्सीजचा 1988 चा 'सर्फर रोझा' लावून दिला. त्यात ड्रम एका खऱ्या खोलीत वाजतोय हे कानाला कळतं. मुलांच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम संगणकावरचा, त्यामुळे हलक्या कडव्यातही हवाच नव्हती. चातुर्मासात रिकामं असलेलं एक मंगल कार्यालय मिळालं आणि तिथे त्यांनी ड्रम पुन्हा वाजवला. धृपद मग खरोखर अंगावर आलं.

दुसरा बँड जत भागातला. त्यांना आपण ब्रिटिश पंकवाले आहोत असं वाटत होतं, पण ड्रमर फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, जे वाजवत होता ती सरळ जत्रेतली हलगी होती. त्याला सांगितलं तेव्हा तो लाजला. अभिप्रायात मी स्पष्ट लिहिलं की अल्बममधली सगळ्यात अस्सल गोष्ट हीच आहे, ती झाकू नका.

मिरज शेजारी असल्यामुळे तंबोऱ्याचा प्रश्न वारंवार येतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर प्रत्येकाला गाण्याखाली तंबोरा हवा असतो. बहुतेक जण तो मोबाइलच्या ॲपमधून घेऊन चिकटवतात. मी एकच गोष्ट तपासतो : वर गिटार काय वाजवतेय? पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज आणि पंचम असतात. गिटारचा पंचम शुद्ध पंचमाच्या जेमतेम दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली आहे, म्हणून तो तंबोऱ्यात मिसळून जातो. पूर्ण मेजर कॉर्ड धरली की गिटारचा गंधार तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट वर पडतो आणि दोघे एकमेकांना खातात. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झंकार, चांगली लागलेली असेल तर हे आणखीच उघडं पडतं. असं झालेलं दिसलं की तंबोरा इथे शोभेसाठी आहे, प्रभाव म्हणून नाही, असं मी लिहितो.

तारखांबाबतही मी कडक आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं. किराणा घराण्याचा आम्हाला अभिमान आहेच. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेला गेले आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली त्यांचा शिष्य झाला. इकडे द हू या ब्रिटिश रॉक बँडने 1971 मध्ये 'बाबा ओ'रायली' काढलं, नाव मेहेरबाबा आणि टेरी रायली यांच्यावरून. म्हणजे नगरचे मेहेरबाबा आणि मिरजेचं किराणा एकाच रॉक गाण्यात, असं म्हणायचा मोह कोणालाही होईल. पण त्या गाण्यातल्या फिरत्या सुरावटीमागे रायलीचं जे काम आहे, ते 1969 पर्यंत झालेलं होतं. प्राणनाथांची तालीम त्यानंतरची. मेहेरबाबांचं नातं खरं, किराण्याचं तिथे लागू होत नाही. आपल्या गावचं असलं तरी खातं खरंच लिहायचं.

व्यवहाराचा नियम आम्ही अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीकडून घेतला. 'सर्फर रोझा' त्याच्याच हातचा. निर्वाणाचा 1993 चा 'इन युटेरो' करताना त्याने विक्रीतला वाटा नाकारला आणि प्लंबरसारखी कामाची मजुरी मागितली. आम्हीही ठरलेली मजुरी घेतो. गाण्यात वाटा नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. मजुरी आधी ठरल्यामुळे कडू मत लिहितानाही हात आखडत नाही. तारे आणि गुण आम्ही देत नाही.

कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडून आता अल्बम येतात. गेल्या आठवड्यात बेळगावचा एक आला. गायकाचा आवाज उत्तम, शब्द स्वतःचे, पण बास आणि किक ड्रम कंप्रतेच्या एकाच पट्ट्यात भांडतायत आणि शेवटचं गाणं खरं तर पहिलं हवं. मिक्स पुन्हा करा, क्रम बदला आणि मग पाठवा, असं कळवलंय. दुसऱ्यांदा ऐकण्याची वेगळी मजुरी आम्ही लावत नाही.